शिकविणाऱ्यांचें शिक्षण

पनवेलहून उरणकडे जाऊं लागलें म्हणजे खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या पट्टींत जासई हें गांव लागतें. एके काळीं या भागाचें सारें जीवन खाजणांतील भात, मिठागरें आणि खाडींतील मासळी यांवर उभें होतें. बांध कसा घालावा, भरतीचें पाणी केव्हां अडवावें, जाळें कोठें टाकावें, हें मुलाला बाप शिकवी. त्यासाठीं शाळेची गरज नव्हती. शाळेची गरज होती ती सावकाराचा कागद वाचण्यापुरती, आणि तेवढीही विद्या पुष्कळांच्या वांट्यास आली नाहीं. 1970 सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठीं जमिनी घेण्यांत आल्या आणि हें चित्र पालटलें. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत 1984च्या जानेवारींत पांच जण गोळीबारास बळी पडले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती या लढ्याचें फळ होय. परंतु भूखंड परत मिळाला तरी शेती परत मिळत नाहीं. ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या बापानें मुलास धंदा शिकविला, त्या घरांतील मुलाचें भवितव्य आतां शाळेवर, म्हणजेच शाळेंतील शिक्षकावर येऊन पडलें.

मग त्या शिक्षकास कोणीं शिकवावें, काय शिकवावें आणि कसें शिकवावें? हा प्रश्न एका जासईचा नव्हे आणि आजचाही नव्हे. महाराष्ट्रांत तो सुमारें दोनशें वर्षें विचारला जात आहे. प्रत्येक पिढीनें त्यास आपापल्या परीनें उत्तर दिलें. कांहीं उत्तरें टिकलीं, कांहीं कागदावरच राहिलीं. कोणतीं कां टिकलीं, हें पाहण्याजोगें आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वी गांवोगांव पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर किंवा देवळांत भरणाऱ्या या शाळांत मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत, मोडी वाचावयास शिकत, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मोठ्यानें म्हणून पाठ करीत. पंतोजीस सरकारी पगार नव्हता. पालकांकडून मिळणारें धान्य, थोडी रोकड आणि सणावाराची दक्षिणा यांवर त्याचें पोट चाले. शिकवावें कसें, हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. तो स्वतः ज्या रीतीनें शिकला, त्याच रीतीनें शिकवी. या पद्धतीची थट्टा करणें सोपें आहे. पण पावकी-दिडकी तोंडपाठ असलेला मुलगा बाजारांत सहसा फसत नसे, हें विसरतां कामा नये. तें शिक्षण कोरडें होतें, कठोर होतें, पण त्याला कस होता. पुढील दोन शतकांतील बहुतेक वाद येथूनच उद्भवले. मुलाचा कल पाहावा, कीं विद्येचा कस पाहावा? आणि दोन्ही पाहावयाचे तर तसा शिक्षक कोठून आणावा?

1822 सालीं मुंबईस एतद्देशीयांसाठीं पुस्तकें व शाळा सिद्ध करणारी एक मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिचे अध्यक्ष, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे चिटणीस, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे हे देशी चिटणीस होते. 1827 सालीं ही मंडळी बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें ओळखली जाऊं लागली. कामास हात घालतांच तिला दोन उणिवा दिसल्या. शिकवावयास पुस्तकें नाहींत आणि पुस्तकें झालीं तरी तीं शिकविणारे शिक्षक नाहींत. तेव्हां गणित वगैरे विषयांचीं मराठी पुस्तकें तयार करवून मुंबईसच कांहीं तरुणांस तीं शिकविण्यांत आलीं, आणि 1826च्या सुमारास सुमारें दोन डझन शिक्षक जिल्ह्यांतील नव्या शाळांवर रवाना झाले. पश्चिम हिंदुस्थानांत शिक्षकास शिक्षक म्हणून तयार करण्याचा सरकारी आश्रयाखालचा हा पहिला मोठा उपक्रम म्हणावयास हरकत नाहीं.

या मंडळीनें जी अध्यापनपद्धति उचलून धरली तिची कथा मोठी मौजेची आहे. ती लँकेस्टरची पद्धति म्हणून प्रसिद्ध होती. एका शिक्षकानें मोठ्या मुलांस शिकवावें आणि मोठ्या मुलांनीं धाकट्यांस शिकवावें, असा तिचा गाभा. परंतु त्याच प्रकारची पद्धति अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्यानें मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत आधींच चालविली होती, आणि तेथील देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवितांना पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. 1797 सालीं त्यानें लंडनमध्यें आपल्या प्रयोगाचा वृत्तांत छापला. म्हणजे आपल्याच ओसरीवरची रीत समुद्र ओलांडून गेली आणि साहेबी पोषाख चढवून परत आली! तिचें आकर्षण मुख्यतः एकच होतें, तें म्हणजे स्वस्ताई. थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुलें, हा मोह राज्यकर्त्यांस तेव्हांपासून जडला तो पुरता सुटला, असें म्हणवत नाहीं.

शिक्षकांच्या शिक्षणास विद्वत्तेची जोड देण्याचा पहिला मान बाळशास्त्री जांभेकरांकडे जातो. 1832 सालीं ‘दर्पण’ काढणारे, गणित आणि इतिहास यांत सारखेच निष्णात असे बाळशास्त्री 1845 सालीं मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांतील अध्यापकवर्गाचे प्रमुख झाले. त्या काळीं अशा वर्गास ‘नॉर्मल क्लास’ म्हणत. स्वतः पाठ्यपुस्तकें लिहिणारा आणि शाळांची तपासणी केलेला मनुष्य शिक्षकांस शिकवावयास मिळणें, हा योग थोर होता. पण दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, बाळशास्त्री वारले. तरीही एक तत्त्व मागें राहिलें. शिक्षकांस शिकविणारा मनुष्य आपल्या विषयांत सामान्य असून चालत नाहीं.

दुसरें तत्त्व पुण्यानें दिलें. 1848 सालीं जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढली तेव्हां शिकविण्यास स्त्री-शिक्षक मिळेना. सावित्रीबाईंना जोतीरावांनीं प्रथम घरीं शिकविलें. पुढें अहमदनगरास मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्या अध्यापकशाळेंत त्यांनीं अध्यापनाचे धडे घेतले. ज्या समाजास शाळेंत आणावयाचें, त्याच समाजांतून शिक्षक उभा करावा, हा तो विचार. चौतीस वर्षांनीं, 1882 सालीं, हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं तो स्पष्ट शब्दांत मांडला. शेतकरी वर्गांतून शिक्षक तयार करावे, ते प्रशिक्षित असावे, लोकांत मिसळणारे असावे, आणि प्रसंगीं नांगर किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यांस लाज वाटूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. प्रशिक्षित शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असेंही त्यांनीं सुचविलें. शिक्षकाची पात्रता, त्याची माणुसकी आणि त्याचें पोट या तीन गोष्टी त्यांनीं एकत्र मांडल्या, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढच्या अहवालांतून या तिहींची ताटातूट पुष्कळ वेळां झाली.

दरम्यान 1854च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें अध्यापकशाळांचा पुरस्कार केला, शिष्यवृत्त्यांची तरतूद सुचविली, आणि ठिकठिकाणीं ट्रेनिंग कॉलेजें निघालीं. मराठी सात इयत्तांची परीक्षा उतरलेला तरुण तेथें एक, दोन किंवा तीन वर्षें राही. नमुन्याचा पाठ पाहावा, पाठाचें टाचण काढावें, सरावशाळेंत तो पाठ द्यावा, आणि मास्तरांची टीका ऐकावी, हा तेथील क्रम. पुढें जर्मन तत्त्ववेत्ता हर्बार्ट याच्या अनुयायांनीं घालून दिलेल्या पांच पायऱ्याही आल्या. पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, निष्कर्ष आणि उपयोजन या त्या पायऱ्या. मूळ कल्पना चांगली होती. मुलाच्या मनांत आधीं काय आहे तें पाहून नवें ज्ञान त्यास जोडावें, असा तिचा आशय. पण टाचणाच्या वहींत आशय मावत नाहीं, रकाने मात्र मावतात. तरुण मास्तर पायऱ्या चढावयास शिकला. मूल बरोबर चढत आहे कीं नाहीं, हें मागें वळून पाहावयास शिकला नाहीं.

त्यांत भर पडली निकालावर पैसा देण्याच्या पद्धतीची. इंग्लंडांत 1862 सालीं सुरू झालेली ही पद्धति लवकरच मुंबई इलाख्यांत आली. जितकीं मुलें परीक्षेंत उतरतील तितकें शाळेचें अनुदान. परिणाम व्हावयाचा तोच झाला. दिपोटीसाहेबांची स्वारी येण्याच्या आधीं महिनाभर शाळा परीक्षेची घोकंपट्टी करी. कच्चीं मुलें मागें पडत, आणि हुशार मुलें पोपटासारखीं उत्तरें देत. ट्रेनिंग कॉलेजांत मास्तरास सांगत, मुलास समजेल असें शिकवा. शाळा तपासावयास येणारा मात्र मुलास किती पाठ आहे तें पाही. ज्या गोष्टीची तपासणी होते तीच गोष्ट शाळेंत टिकते, हा या काळाचा धडा होय. तो अजून शिळा झालेला नाहीं.

विसाव्या शतकांत वारें बदललें, तें प्रथम गुजराथेंत. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनीं 1920 सालीं भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. इटलींतील डॉ. मारिया माँटेसोरी यांचे विचार त्यांनीं आपल्या मातींत रुजविले. 1923 सालीं त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. मुंबईंत जन्मलेल्या, पदवीधर असलेल्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या ताराबाई, मानाची जागा सोडून, लहान मुलांच्या शाळेंत शिकावयास आल्या. 1926 सालीं दोघांनीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, ‘शिक्षणपत्रिका’ चालविली, आणि बालशिक्षकांच्या तयारीसाठीं अध्यापनवर्ग घेतले. 1936 सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरू केला. 1939 सालीं गिजुभाई वारले; त्याच वर्षीं डॉ. माँटेसोरी हिंदुस्थानांत आल्या आणि युद्धामुळें 1946पर्यंत बहुतांशीं येथेंच राहून शेंकडों शिक्षकांस त्यांनीं शिकविलें.

या चळवळीनें शिक्षकाकडून जें मागितलें तें वरवर सोपें दिसतें. मुलास मारूं नये, त्यास बक्षिसाचें आमिष दाखवूं नये, त्यास स्वतः करूं द्यावें. पण प्रत्यक्षांत हें पंतोजीच्या कामाहून अवघड होतें. छडी हातांत असली म्हणजे मूल गप्प बसतें, आणि त्याला काय कळलें नाहीं हें शिक्षकास कधींच कळत नाहीं. छडी खालीं ठेवली कीं शिक्षकास पाहावें लागतें, थांबावें लागतें, एकेका मुलाची निराळी वाट ओळखावी लागते. स्वातंत्र्य म्हणजे मोकाटपणा नव्हे. जें साधन मुलापुढें ठेवावयाचें तें कां, केव्हां व कोणत्या क्रमानें, याचा विचार आधीं शिक्षकानें केलेला असला पाहिजे. मुलाची मोकळीक शिक्षकाच्या शिस्तीवर उभी असते.

इकडे 1937च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. हस्तोद्योगांतून सर्व विषय शिकवावयाचे तर साधा मास्तर पुरणार नाहीं, हें समितीनें जाणलें होतें. म्हणून तिनें शिक्षकांसाठीं तीन वर्षांचा पुरा अभ्यासक्रम आणि निकडीपुरता एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम सुचविला. निकडीचा मार्ग सगळ्यांस आवडतो. जेथें शिक्षकास टकळीमागचें गणित व कापसामागचा भूगोल पुरता उमगला तेथें योजना शोभली. जेथें उमगला नाहीं तेथें टकळी फिरत राहिली आणि विद्या जागच्या जागीं राहिली.

सातारला कर्मवीर भाऊराव पाटील याच प्रश्नाशीं निराळ्या बाजूनें झुंजत होते. 1919 सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊरावांना खेड्यापाड्यांत शाळा हव्या होत्या, आणि शहरांतला मास्तर खेड्यांत टिकत नाहीं हें त्यांनीं पाहिलें होतें. 1935 सालीं त्यांनीं सातारला ग्रामीण ट्रेनिंग कॉलेज काढलें. वसतिगृहांत राहून, हातानें कष्ट करून शिकलेलींच मुलें तेथें शिक्षक होऊं लागलीं, आणि त्यांच्या जोरावर पुढील काळांत संस्थेनें शेंकडों व्हॉलंटरी शाळा चालविल्या. फुल्यांनीं 1882 सालीं मागितलेला, नांगरास हात लावण्यास न लाजणारा शिक्षक, अर्धशतकानंतर असा सिद्ध झाला. जासईस आज जें विद्यालय आहे तें याच संस्थेचें.

1945 सालीं ताराबाईंनीं आणखी एक पाऊल टाकलें. मुंबईच्या सुखवस्तु मुलांपुरती राहिलेली बालशाळा खेड्यांत नेण्यासाठीं त्या ठाणें जिल्ह्यांत समुद्रकांठच्या बोर्डीस गेल्या. तेथें ग्राम बालशिक्षा केंद्र निघालें आणि पुण्याच्या हुजूरपागेंतील शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवा असूनही जिद्दीनें शिकलेल्या अनुताईंनीं पुढचें सारें आयुष्य या कामास दिलें. विलायती साधनें महाग होतीं. त्यांच्या जागीं शंख-शिंपले, बिया, पानें, खडे आले. मूल शाळेंत येत नाहीं म्हणून शाळाच वस्तींतील अंगणांत नेली, आणि तिला ‘अंगणवाडी’ हें नांव पडलें. 1957 सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलें दिवसभर गुरें चारीत असत. त्यांच्यासाठीं कुरणावरच शाळा भरूं लागली. तेथल्याच अध्यापनवर्गांत गांवच्या मुली बालशिक्षिका होऊं लागल्या. व्याख्यानें थोडीं, प्रत्यक्ष काम फार, असा तेथला क्रम होता. 1975 सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हां तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. नांव देशभर गेलें. त्या नांवामागची शिक्षिकेची तयारी तितक्या वेगानें गेली नाहीं. कारण नांव हुकुमानें जातें, तयारी एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेच जाते.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकांचें शिक्षण विस्तारलें. 1964 ते 1966च्या कोठारी आयोगानें, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापुराकडचे जे. पी. नाईक होते, एक मर्मावर बोट ठेवलें. अध्यापक विद्यालयें ही शाळांपासूनही तुटलेलीं आहेत आणि विद्यापीठांपासूनही. जी संस्था शाळेंत जात नाहीं तिला मूल ठाऊक नाहीं, आणि जी विद्यापीठापासून दूर तिला नवी विद्या ठाऊक नाहीं. 1986च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हावार शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या त्या ही तूट भरून काढण्यासाठीं. रायगड जिल्ह्याची ही संस्था पनवेलीसच आहे. म्हणजे जासईच्या प्राथमिक शिक्षकाचें शिक्षण आतां कांहीं मैलांवर आलें. 2009चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. शिक्षण बालकेंद्री असावें, मुलास भीति वाटूं नये, त्यानें स्वतः शोधून शिकावें, हें त्यानें कायद्याच्या कलमांत घातलें. गिजुभाईंनीं जें आर्जवानें सांगितलें, तें आतां सरकार आज्ञेनें सांगूं लागलें. 2020च्या धोरणानें तर प्रत्येक शिक्षकानें वर्षास निदान पन्नास तास आपल्या व्यवसायाच्या अभ्यासास द्यावे, अशी अपेक्षा केली.

पन्नास तास थोडे नाहींत. पण ते कसे जातात यावर सारें अवलंबून आहे. शंभर शिक्षकांस एका सभागृहांत ओळीनें बसवून, ‘मुलांस ओळीनें बसवूं नका, त्यांस बोलूं द्या’ असें तासभर सांगितलें, तर शिक्षक शब्द ऐकत नाहीं, रीत पाहतो; आणि रीत पंतोजीचीच असते. याच्या उलट अनुभव सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनीं दिला. तेथें शिक्षकांनीं फरशांवर खेळ आंखले, मुलांस गटांत बसविलें, साहित्य हातीं दिलें, आणि 2015च्या सुमारास राज्यभरांतून शिक्षक त्या शाळा पाहावयास लोटले. एका शिक्षकाचा वर्ग पाहून दुसरा शिक्षक शिकला. मात्र कांहीं ठिकाणीं परतलेल्या पाहुण्यांनीं फरशीवरचीं चित्रें तेवढीं उतरून घेतलीं. चित्र उतरविणें हें टाचणाच्या वहीचेंच नवें रूप होय.

या दोनशें वर्षांचा हिशेब मांडला तर तीन गोष्टी उरतात. पहिली ही कीं, शिक्षक ज्या रीतीनें शिकतो त्याच रीतीनें शिकवितो. म्हणून त्यास विचार करावयास, चुकावयास आणि चूक सुधारावयास वाव दिल्यावांचून तो तसा वाव मुलांस देणार नाहीं. दुसरी ही कीं, कल आणि कस यांचें वैर नाहीं. खड्यांनीं मोजणारें कोसबाडचें मूल आणि पावकी म्हणणारा पंतोजीचा शिष्य यांची गांठ जो घालून देईल, म्हणजे पाव म्हणजे काय हें हातानें कळवून मग तो पाढा पक्का करून घेईल, तो खरा शिक्षक. त्यासाठीं त्याचें मुलावर प्रेम जितकें हवें तितकेंच गणितावर प्रभुत्वही हवें. तिसरी ही कीं, प्रशिक्षण एक सांगतें आणि तपासणी दुसरें मागते, तेव्हां तपासणीच जिंकते. म्हणून पन्नास तासांची मोजदाद करणाऱ्यांनीं वर्गांत जाऊन मुलांचे प्रश्न ऐकण्याचीही सवय लावून घेतली पाहिजे.

हें काम सरकारचें, संस्थांचें, म्हणून सुशिक्षित गृहस्थांनीं हात झटकणें बरें नव्हे. मूल घरीं आलें म्हणजे ‘आज किती गुण पडले?’ असा प्रश्न घरोघर होतो. ‘आज तूं काय विचारलेंस?’ असा प्रश्न ज्या दिवशीं होऊं लागेल, त्या दिवसापासून शिक्षकावरचें दडपण बदलेल, आणि बदललेल्या दडपणाबरोबर वर्गही बदलूं लागेल. ज्या गांवांनीं आपली जमीन शहरास दिली, त्यांच्या मुलांना तरी परतफेड म्हणून असा वर्ग मिळाला पाहिजे. कारण त्यांच्या हातीं वारशानें देण्यासारखें आतां शिक्षणावांचून फारसें कांहीं उरलेलें नाहीं.